गोऱ्याची माडी

बिस्मिल्ला म्हणून हजराने उजवा पाय उंबरठ्याच्या आत टाकला. आत घर नव्हतं. तापलेले खडक होते, उतार होता आणि खाली समुद्र.

ती पुन्हा बाहेर आली. बाहेरून पाहिलं तर दुमजली माडी, वर खिडक्या, मधोमध दार. फोटोत होती तश्शीच. तिला काही कळेना.

"आपला घर ह्याच ना?" तिने नवऱ्याला विचारलं.

इलियास धापा टाकत टेकडी चढून आला होता. दोहाहून येताना वाटेतच सांगून टाकू, असं त्याने ठरवलं होतं. पण ट्रकमधून माडी दिसताच हजरा इतकी खुलली, की त्याची जीभच रेटेना.

"खाली कंपनीची खोली हाय आपली," तो म्हणाला. "ह्या एका गोऱ्या सायबान बांधलान. नुसती भिंत."

"कशाला?"

"कुणास ठाव!"

खरंच कुणाला ठाऊक नव्हतं. साहेब भिंत बांधून विलायतेला निघून गेला आणि दुखानच्या तेलकंपनीतल्या माणसांनी ती आपलीशी केली. ईदचा चाँद तिथूनच बघायचा, रजेवरून परतताना ती दिसली की हुश्श करायचं, आणि नवा कोट शिवला की फोटोही तिथेच काढून 'आपलं घर' म्हणून गावी धाडायचा.

हजराने पिशवीतून इलियासचा फोटो काढला. गावात जन्नतकडेही असाच एक होता, त्यात तिचा नवरा अब्बास याच माडीसमोर उभा. 'आमचा घर' म्हणाली म्हणून हजराने तिला चारचौघींत खोटारडी ठरवलं होतं. लहानपणची मैत्रीण, पण तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

"अब्बासभाई पण?"

"सगळीच," इलियास म्हणाला. "चुकला माजा."

हजराला रागही आला होता आणि रडूही येत होतं. पण ती भिंत इतकी देखणी होती, की नेमकं कुणावर चिडायचं तेच समजेना. तिने पुन्हा फोटो पाहिला. इलियास नेमका दारात उभा होता, हात कमरेवर, कोपर बाहेर. गावात तिला तो रुबाब वाटला होता.

खाली थांबलेल्या ट्रकमधून कमाल ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"त्याच्याकडं कॅमेरा हाय काय?" तिने विचारलं.

"हाय. कशाला?"

"जन्नतला फोटो धाडायचाय. तिला लिवा, तुजा घर बघून आले."

इलियासने कमालला कॅमेरा घेऊन वर यायची खूण केली. हजरा दारात जाऊन उभी राहिली. तिने पदर दोन्ही हातांनी दारभर पसरून धरला.

"नीट बघून सांगा," ती म्हणाली, "मागचा आभाळ दिसतंय काय?"