दंडावरचा फोड

उकंडराव चावडीच्या पायरीवर बसून काडीने कान कोरत होते. कान कोरून झाला तशी तीच काडी त्यांनी दातांत घातली आणि कोतवालाशी बोलत राहिले. अन्नपूर्णा विहिरीवरून कळशी घेऊन समोरून चालली होती. तिने ते पाहिलं आणि पाय उचलला. कशीबशी घरापर्यंत आली, कळशी खाली ठेवली आणि ओट्याच्या कडेला वाकून ओकली.

"काय झालं व?" तिची थोरली जाऊ वच्छलाबाई आतून धावत आली. "पुन्हा दिवस गेले का काय?"

"नाई बाई. देवीवाला आला गावात."

वच्छलाबाईने तांब्यात पाणी आणून दिलं आणि पाळण्यातल्या इंदूला उचलून आत नेलं. दारही लावून घेतलं.

उकंडराव सरकारी नोकर होते. उंद्रीच्या आसपासची वीस-बावीस खेडी त्यांच्याकडे. वर्षातून दोनदा सायकलवर पत्र्याची पेटी बांधून यायचे, कोतवाल दवंडी द्यायचा आणि गावातली लहान लेकरं चावडीपुढे ओळीने धरून बसवायची. देवीची लस दंडावर टोचून घ्यायची, तसा कायदाच होता. म्हणून माणसं त्यांना देवीवाले म्हणत.

तीन वर्षांपूर्वी अन्नपूर्णाही त्या ओळीत बसली होती. मांडीवर तिचा पहिला मुलगा दामू, पाच महिन्यांचा. गुबगुबीत पोरगं. उकंडरावांनी तंबाखू मळून गालात धरली, नखांत काळा मळ साचलेला हात धोतराला पुसला आणि टोचणी हातात घेतली. बारीक दात्यांची चकती असलेली ती टोचणी दंडावर दाबून गर्रकन फिरवायची. आधीच्या पोराचं रक्त तिला लागलेलं होतं. तेही त्यांनी धोतरालाच पुसलं. त्या जागी धोतरावर तपकिरी डाग वाळून कडक झाले होते. दामू किंचाळला तसे उकंडराव त्याच्या दंडावर फुंकर मारायला वाकले, आणि तंबाखूच्या थुंकीचा एक थेंब पोराच्या कोपरावर पडला. अन्नपूर्णाने तो पदराने पुसला. बोलली मात्र नाही. सरकारी माणसाला काय बोलायचं?

पाचव्या दिवशी फोड आला. आठव्या दिवशी तो टपोरा, पिवळा झाला, मध्ये खोल, कडेने लाल. मग फुटला. त्यातून चिकट पाणी वाहायला लागलं, माश्या बसायला लागल्या. पोर रात्रंदिवस किरकिरायचं. दहा-बारा दिवस गेले, आणि एका सकाळी दामूने दूध घेतलं नाही. तोंडच उघडेना. अन्नपूर्णाने बोट घालून पाहिलं तर हिरड्या एकमेकींवर घट्ट बसलेल्या. दुपारी तो पाठीतून कमानीसारखा वाकला. कुणी मोठ्याने बोललं, भांडं वाजलं, की पुन्हा वाकायचा. तिसऱ्या दिवशी गेला.

देवीवाल्याच्या घाण सुईने पोर मारलं, असं सारं गाव म्हणालं. अन्नपूर्णाचा नवरा निवृत्ती काठी घेऊन उकंडरावांना शोधत उंद्रीच्या बाजारापर्यंत जाऊन आला. ते भेटले नाहीत. तेव्हापासून ते गावात आले की अन्नपूर्णाला ती तंबाखू, ते धोतर, ती नखं आठवायची आणि अन्न आत ठरायचं नाही.

आता इंदूही पाच महिन्यांची झाली होती.

"नाव कागदावर चढलं हाय पोरीचं," निवृत्ती संध्याकाळी म्हणाला. "कोतवाल सांगत होता, आज नुसती नावं लिहून नेली, पंधरा दिवसांनी टोचाले येतीन ते. तवा न्या लागीन."

"मी नाई नेत. त्या माणसाचा हात माह्या पोरीले लागू देत नाई."

"तिकडं कोलारा गावाच्या बाजूले देवी आल्या म्हणतात. दोन लेकरं गेली."

"मंग तुम्हीच घेऊन जा. आन् मेली तर तुम्हीच पुरा."

निवृत्ती उठून बाहेर गेला.

त्याच आठवड्यात इंदूला खोकला झाला. उंद्रीला बाजाराच्या दिवशी नर्सबाई बसते, लेकरं तपासते, वजन करते, दुधाची पावडर देते, असं अन्नपूर्णाने ऐकलं होतं. ती वच्छलाबाईला घेऊन बैलगाडीने गेली.

एका लांब पडवीत पन्नासेक बाया बसल्या होत्या. आंबट दुधाचा, ओल्या लंगोटांचा, हगलेल्या पोरांचा वास कोंदला होता. कुणाच्या पोराच्या डोक्यात खवडे, कुणाच्या डोळ्यांत चिपडं, त्यावर माश्या. अन्नपूर्णाने पदर नाकाला लावला आणि इंदूला छातीशी असं धरलं, की तिला कशाचाच स्पर्श होऊ नये. पण पुढे गेल्यावर तिने पाहिलं, की नर्सबाई प्रत्येक पोराला हात लावण्याआधी साबणाने हात धुते. वजनाच्या काट्यावरचं फडकं दर वेळी बदलते. स्टोव्हवर पातेलं होतं, त्यात सुया उकळत होत्या. त्या उकळत्या पाण्याकडे अन्नपूर्णा बघतच राहिली.

नर्सबाईचं नाव फातिमा. खामगावकडची, चाळिशीची, आवाज जाड. तिने इंदूची छाती ऐकली, घसा पाहिला, वजन लिहून घेतलं.

"खोकला साधा हाय. पोरगी चांगली हाय तुही," ती म्हणाली. मग तिने इंदूचे दोन्ही दंड उलटसुलट करून पाहिले. "देवी काऊन नाई काढल्या?"

"नाई काढायच्या."

"काऊन?"

अन्नपूर्णाने सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. धोतर, थुंकी, टोचणी, सगळं. फातिमाबाई हातातलं काम थांबवून ऐकत होती. तिच्याही तोंडावर किळस आली.

"हराम्या हाय," ती म्हणाली. "पण मले एक सांग. हात सुजला होता का पोराचा? काखेपर्यंत लाल झाला होता? पू झाला होता?"

"नाई. फोड होता तेवढाच. सगळ्या लेकराईले आला तसाच."

"ताप?"

"दोन दिवस होता. मंग उतरला."

"मंग तोंड कधी बंद झालं? फोड फुटल्यावर किती दिवसांनी?"

"दहा-बारा दिवस झाले असतीन."

फातिमाबाईने आवाज खाली आणून विचारलं, "फोड फुटल्यावर त्याच्यावर काय लावलं होतं?"

मागे बसलेली वच्छलाबाई पटकन म्हणाली, "काई वंगाळ नाई लावलं. शेण लावलं. गोऱ्ह्याचं, ताजं. माश्या बसत होत्या ना. आग बी थांबते."

"किती दिवस?"

"फोड वाळेपर्यंत," अन्नपूर्णा म्हणाली. "रोज सकाळी. मीच लावायची."

फातिमाबाईने डोळ्यांवरचा चष्मा काढला. "बाई, घाण सुईनं सडला असता तं हात सुजला असता. हा रोग येगळा, त्याले धनुर्वात म्हणतात. शेणात, मातीत त्याचं बी असते. उघड्या जखमेतून अंगात शिरते. पक्कं तर अल्लालेच ठाऊक. पण मी अशी चार लेकरं पाह्यली. देवी काढलेली, जबडा धरलेली. चारीच्या दंडावर शेण होतं."

इंदूने अन्नपूर्णाच्या गळ्यातली पोत ओढली, ती तिने सोडवून घेतली.

"हे पाह्य," फातिमाबाई म्हणाली. "पोरीच्या देवी काढ. तिकडं साथ हाय. सुई उकळून घ्याले लाव त्या देवीवाल्याले, आपल्या डोळ्यांपुढं. थंड झाल्यावरच लस लावायची, नाई तं लस मरते. दंड साबणानं धू. आन् मंग काई लावू नको. काईच नाई. उघडा ठेव."

परतीच्या वाटेवर दोघी जावा गाडीत पाठीला पाठ लावून बसल्या. गाव दिसायला लागलं तेव्हा वच्छलाबाई म्हणाली, "म्या सांगतलं होतं तुले. शेण लाव म्हून."

"हाव."

"माह्या मायनं आमच्या साऱ्याईले लावलं होतं. आम्ही जगलो."

"हाव, बाई."

"मंग मी मारलं का त्याले?"

अन्नपूर्णाला म्हणायचं होतं, हो, तू मारलंस. जिभेवर आलं होतं. पण तो लगदा उचलून त्या इवल्या दंडावर थापणारी बोटं तिची स्वतःची होती. रोज सकाळी न चुकता, मायेने थापणारी. "लावलं तं म्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती घर सारवायला बसली. शेणात पाणी घातलं, हात घातला, आणि तो गार, गुळगुळीत स्पर्श होताच तिने हात झटकन बाहेर काढला. ती न्हाणीत गेली आणि राखेने हात घासत बसली. कोपरापर्यंत घासले. नखांच्या खाली काडीने कोरलं. कातडी लाल झाली तरी तिला वास येतच होता. ज्या हातांनी ती इंदूला पाजायला घेत होती, त्या हातांची तिला शिसारी आली. पुढे कितीतरी दिवस सारवण वच्छलाबाईच करत होती, आणि करताना ती इंदूच्या पाळण्याकडे बघत नसे.

पंधरा दिवसांनी दवंडी आली. अन्नपूर्णा इंदूला कडेवर आणि एका हातात झाकणाचं पातेलं घेऊन चावडीवर गेली. मागे निवृत्ती सरपण घेऊन. ओळीत सात-आठ बाया होत्या. उकंडरावांनी पहिल्या पोराचा दंड धरला होता.

"थांबा," ती म्हणाली. "आधी हे उकळा."

"काय?"

"टोचणी. पाण्यात उकळा. आन् हात धुवा. साबण आणला मी."

उकंडराव हसले. वरच्या दातांवर तंबाखूचा काळा थर होता. "अवं बाई, पंचवीस साल झाले मले ह्या कामात. साठ-साठ हात करतो दिवसाले. उकळत बसू काय?"

"उकळा. नाई तं एकीचंबी पोर तुमच्या हाती लागत नाई." निवृत्तीने तोवर तीन दगड मांडून जाळ केला होता. बायांमध्ये कुजबुज झाली. आधी एकीने पोर मागे ओढलं, मग दुसरीने. उकंडरावांनी कोतवालाकडे पाहिलं. कोतवाल आभाळाकडे पाहायला लागला.

पाणी उकळायला वेळ लागला. तेवढ्यात अन्नपूर्णाने विचारलं, "फोडावर शेण लावल्यानं लेकरू मरते, हे तुम्हाले ठाऊक होतं?"

"ठाऊक हाय ना," उकंडराव सहज म्हणाले. "आमच्या साहेबानं सांगतलं हाय, बायाईले मना करत जा म्हून."

"मंग मले काऊन नाई सांगतलं? तीन सालाआधी इथंच बसली होती मी."

"कोणाकोणाले सांगू? आन् सांगून तुम्ही बाया ऐकता का? तुमचं ते चालूच राह्यते." त्यांनी बाजूला पिंक टाकली. ती चावडीच्या भिंतीवरून ओघळत खाली आली.

अन्नपूर्णाला वाटलं, हे उकळतं पाणी या माणसाच्या तोंडावर फेकावं. या माणसाकडे ते तीन शब्द होते. शेण लावू नका, एवढंच. ते बोलायलाही त्याला तोंडातली तंबाखू थुंकावी लागली असती. म्हणून तो बोलला नाही. मळक्या धोतरापेक्षाही तिला त्याची किळस आली. पण इंदू कडेवर होती आणि कोलाऱ्याकडे देवी होत्या.

"हात धुवा," ती म्हणाली.

त्यांनी धुतले. तिने स्वतः पाणी ओतलं. नखांकडे बोट दाखवून पुन्हा ओतलं. टोचणी थंड होऊ दिली. मग तिने इंदूचा धुतलेला दंड पुढे केला आणि मान दुसरीकडे न वळवता शेवटपर्यंत पाहत राहिली.

आठव्या दिवशी फोड टपोरला, फुटला. अन्नपूर्णा पाळण्याशी पंख्याने माश्या वारत बसली. घरात येणाऱ्या एकेका बाईने काही ना काही सुचवलं. तेल लाव, हळद लाव, राख लाव. वच्छलाबाई त्यांना दारातूनच म्हणायची, "काई लावायचं नाई." एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची. देवी काढल्यापासून तिने इंदूला उचललंच नव्हतं. अन्नपूर्णाने दोनदा पोर तिच्यापुढे धरली, दोन्ही वेळा तिने हात मागे घेतले. तीन आठवड्यांनी खपली पडली तेव्हा वच्छलाबाईने पहिल्यांदा पोरीला मांडीवर घेतलं आणि तो गुलाबी व्रण बघत बराच वेळ बसून राहिली.

पुढच्या खेपेला उकंडराव आले तेव्हा अन्नपूर्णा पातेलं घेऊन आधीच चावडीवर होती. ओळीतल्या एकेका बाईजवळ जाऊन ती सांगत होती. आपल्या दामूचं नाव घेऊन, आपल्या हाताने काय लावलं ते सांगून. काहीजणी ऐकत होत्या. एकीने तोंड वाकडं केलं आणि पोर घेऊन लांब जाऊन बसली. उकंडरावांच्या धोतराला तोच वास होता, आणि त्यांच्याजवळ उभं राहताना अन्नपूर्णाला दर वेळी मळमळायचं. ते कधी गेलं नाही. ती श्वास धरून उभी राहायची.

ही बाई कामात अडथळा आणते, आपल्याला दुसरी गावं द्यावीत, असा अर्ज उकंडरावांनी वर केला. त्यांना गावं बदलून मिळाली नाहीत.