पेलिकनच्या छातीतलं ठिगळ

मी ठसा बोलतोय. नाशपातीच्या लाकडाचा, तळहाताहून थोडा मोठा. औसबुर्ग शहरातल्या छापखान्यात माझ्या अंगाला शाई फासून लोकांनी पुण्य मिळवलं आणि पुढे पापही.

मला कोरलं वेंडेलने. त्याने माझ्यावर पेलिकन पक्षीण काढली, उपाशी पिल्लांसाठी चोचीने स्वतःची छाती फोडून त्यांना रक्त पाजणारी. ख्रिस्ताने जगासाठी रक्त सांडलं, त्याची ही खूण. पेलिकन औसबुर्गात कुणाच्या बापाने पाहिला नव्हता. त्यामुळे मान हंसाची झाली, चोच गरुडाची आणि पाय शेजारणीच्या कोंबडीचे. डोळे मात्र आपोलोनियाचे. ती वेंडेलची बायको. दुष्काळाच्या हिवाळ्यात आपल्या वाटचा पाव मुलांना भरवत भरवत ती गेली. मुलं तीन, म्हणून घरट्यात पिल्लंही तीन.

शेवटचा कपचा उडवून वेंडेल मला म्हणाला, "आता तुला कुणी हात लावायचा नाही." मी पडलो लाकूड. विश्वास ठेवला.

माझे छापलेले कागद घरोघरी चुलीवरच्या भिंतीला चिकटले. बाळंतिणी मला उशाशी घेत. एकीला म्हणे माझ्यामुळे दूध आलं. मी नाकारलं नाही.

मग शहरात एकाच धर्माच्या दोन पंथांचं भांडण पेटलं. छापखान्याचा मालक योब्स्ट मला घेऊन वेंडेलकडे आला.

"एवढंसं काम आहे. छातीचा तुकडा काप, तिथे नवं लाकूड बसव. चोचीत पिल्लू दे. खाली छापू, पलीकडच्यांचं चर्च लेकरांना असं खातं."

"मालक, ती आपोलोनिया आहे."

"जत्रा तोंडावर आली. नवा ठसा कधी व्हायचा? तुला जमत नसेल तर लोरेन्त्सकडून कोरून घेतो."

"लोरेन्त्स? तो डुकराचंही थोबाड बिघडवेल." वेंडेलने बाकावरची सुरी उचलली. "तिच्या डोळ्यांना धक्का लागायला नको. द्या इकडे, मीच करतो."

ज्या सुरीने मला जन्म दिला, तिनेच माझी छाती काढली. हात किती हळुवार होता म्हणून सांगू. लोरेन्त्सने केलं असतं तर निदान राग तरी धरता आला असता.

जत्रेतून वेंडेलची थोरली, उर्सेल, कागद घेऊन आली.

"बाबा, डोळे आईचेच ठेवलेत."

"हो ना, जपून ठेवले."

"त्याच डोळ्यांनी ती आम्हाला खातेय." तिने कागद त्याच्या बाकावर पालथा घातला आणि गेली.

बाहेरून बसवलेलं लाकूड सुकलं की आकसतं. माझं ठिगळही आकसलं. वेंडेलने फटीत मेण भरलं, ते शाई थापायच्या चामडी गोळ्याला चिकटून निघून आलं. पुन्हा भरलं, पुन्हा निघालं. शेवटी त्याने हात टेकले.

आता मी माळ्यावर आहे. माझा तो कागद कधी हाती आला, तर पक्षिणीला शिव्या घालण्याआधी छातीशी बघा. पिल्लाभोवती त्या फटीची बारीक पांढरी रेघ दिसेल. रेघेच्या आतलं माझं नाही. बाहेरची आई माझी आहे.