दोन ठोके

होय, मीच बोलते आहे. खडी फोडणारी हातोडी. दगडांच्या संगतीत जन्म गेला म्हणून मला मन नसेल, असा तुमचा समज असल्यास तो आधी दूर करा.

कर्जतच्या एका लोहाराने मला घडवले आणि बाभळीचा दांडा बसवला. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याचे काम निघाले, तेव्हा मी गोजरबाईंच्या हाती आले. त्यांचे तळहात माझ्या दांड्याहूनही कठीण होते.

खडी फोडणाऱ्या बायकांच्या त्याच रांगेत चांगुणा बसे. तिचे तान्हे बाळ हगवणीने दगावले होते. तेव्हापासून तिने बोलणे टाकले. उगारलेला हात मध्येच थांबे आणि तसाच राही. "बाहेरचं हाय," असे कुजबुजत बायका तिच्यापासून दूर सरकल्या.

गोजरबाईही सरकल्या, पण तिच्याकडे. त्यांनी तिला काही विचारले नाही, स्वतःचेच सांगितले. "माजंबी लेकरू गेलं गं. जीव द्यायला गेल्ते, तर इहिरीत टिपूस न्हाई! दुष्काळानं मरूबी दिलं न्हाई बग."

चांगुणा हसली नाही. परंतु तिने मान वळवली.

पुढे एक रीतच पडली. तिचा हात थांबला, की गोजरबाई मला दगडावर दोनदा आपटत. अर्थ एवढाच : 'हायेस का?' चांगुणेने एक ठोका दिला, की उत्तर पोहोचले. कधी उत्तराला फार वेळ लागे. गोजरबाई मला मांडीवर ठेवून वाट पाहत.

एके दुपारी चांगुणेची सासू, झुंबरबाई, दोर घेऊन आली. "देवऋषी म्हंतोय, खांबाला बांधा. चल, ऊठ!"

मुकादम सूर्यभान म्हणाला, "न्या बरं. येडीपायी कामाचा खोळंबा हुतोय."

गोजरबाई ताडकन उठल्या. मी त्यांच्या मुठीत होते. "तिच्या वाटची खडी आमी फोडू. पन दोर हितं चालनार न्हाई!"

"तू कोन गं सांगनारी?" झुंबरबाई कडाडली.

"तिच्यावानीच एक. मला बांधली असती, तर आज तुमच्याशी भांडाया कोन उरलं असतं?"

त्यांनी वाकून मला दोनदा आपटले. शेजारणीने दोन ठोके दिले. मग दूर सरकलेल्या बायकांनी. मग साऱ्या रांगेने. मुकादमाचे शब्द त्या आवाजात बुडून गेले.

आणि अखेर चांगुणेचा एक ठोका आला. दगड दुभंगला.

"नातू तुमचाबी हुता, मावशी," गोजरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमाला कुनी इचारलं का?"

झुंबरबाईच्या हातून दोर गळला. ती रांगेतच खाली बसली. तेव्हा चांगुणेने सासूपुढच्या दगडावर दोन ठोके दिले. झुंबरबाईपाशी हातोडी नव्हती. तिने तळहातानेच एक ठोका दिला.

आज माझा दांडा तडकला आहे, अंगावर गंज चढला आहे. तरी मी कोणाची कीव मागत नाही. दोर घेऊन येणारे अजूनही आहेत. त्यांच्यासमोर उभे राहा. तुमच्या शेजारी कोणाचा हात थांबला, तर सरका, पण तिच्याकडे. दोन ठोके द्या. उत्तर येईपर्यंत मात्र जागचे उठू नका.