न धरलेली दोन वर्षं

दीक्षा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आली तेव्हा चौदा वर्षांची होती आणि आईपेक्षा वीतभर उंच होती. खांदे रुंद, मनगटं जाड. नागपुरात नातेवाईक तिच्याकडे बघून उपासनाला म्हणायचे, ही पोरगी कुठल्या घरात मावणार गं. दीक्षा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि पाठीला पोक काढून चालायची.

उपासना नागपुरात एका मराठी शाळेत भूगोल शिकवायची, आणि दीक्षाही त्याच शाळेत शिकली. वडील, लहू, सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आधी एकटेच अमेरिकेत आले होते. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात मायलेकी त्यांच्यामागे आल्या. टाउनहाउसच्या बैठकीत लहूने बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आधीच लावून ठेवला होता. बाकी खोली रिकामी होती.

शाळेने दीक्षाची तोंडी परीक्षा घेतली आणि तिला परक्या भाषेतून आलेल्या मुलांच्या इंग्रजीच्या वर्गात बसवलं. तिथे अफगाणी मुलं होती, व्हिएतनामी होती, मेक्सिकन होती. सगळीच अडखळत बोलत, त्यामुळे कोणी कोणाला हसत नसे. दीक्षा त्या वर्गात दोन वर्षं होती. बाई चांगल्या होत्या, तिला बी ग्रेड मिळायची, आणि घरात सगळ्यांना वाटत होतं की गाडी रुळावर आहे. हे इंग्रजी पुढे कुठे धरलं जाणार नाही, असं कोणी सांगितलं नाही. कोणाला विचारावं हे लहूला सुचलं नाही, आणि विचारायला हवं हेही.

पहिल्याच हिवाळ्यात पी.टी.च्या तासाला कोच डॉयलने तिला पाहिलं. कोच डॉयल ही पन्नाशीतली बाई. तरुणपणी थाळीफेक करायची, आता एका गुडघ्याने लंगडत होती. तिने दीक्षाच्या हातात लोखंडी गोळा दिला, तो गळ्याशी कसा टेकवायचा ते दाखवलं आणि म्हणाली, फेक. दीक्षाने फेकला. कोचने टेप लावून मोजलं, मग पुन्हा मोजलं. त्या दिवशी घरी आल्यावर दीक्षा पोक न काढता दारातून आत आली, आणि उपासनाच्या ते लगेच लक्षात आलं.

तीन वर्षांत दीक्षा जिल्ह्यातल्या पहिल्या दोघी-तिघींत गेली. लहू तिची बक्षिसं कौतुकाने बघायचा, पण शनिवारच्या स्पर्धांना कधी गेला नाही. काम असायचं, आणि खेळ हे त्याच्या हिशोबात अभ्यासानंतरचं होतं. उपासना मात्र बस बदलून जायची.

शाळेच्या शेवटच्या वर्षी, शहाण्णवच्या ऑक्टोबरात, नेवाडातल्या एका विद्यापीठाचा कोच घरी आला. त्याला दीक्षाला आपल्या संघात घ्यायचं होतं. राहणं, खाणं, फी, सगळी शिष्यवृत्ती. उपासनाने तर्री-पोहे केले. पाहुण्याला घाम फुटला तरी त्याने दुसऱ्यांदा मागून घेतले. जाताना तो म्हणाला की आता एकच गोष्ट राहिली, तिची पात्रता. ग्रेड्स आणि सॅट या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर मिळून नियमात बसायला हवं. लहूने मान डोलावली. मुलगी बी ग्रेडची आहे, काय अडणार?

त्याच दिवाळीत लहूच्या ऑफिसातल्या शैलेंद्रकडे पार्टी होती. शैलेंद्र पुण्याचा, मोकळा, बोलघेवडा माणूस. त्याचा मुलगा अनीश दीक्षाच्याच वर्गात होता आणि मोठमोठ्या विद्यापीठांना अर्ज करत होता. दीक्षाची बातमी ऐकून शैलेंद्रने लहूच्या पाठीवर थाप मारली.

"बरंय यार, इथेही स्पोर्ट्स कोटा असतो म्हणजे. आमच्या अनीशला सॅटमध्ये सोळाशेपैकी चौदाशे पाडूनही टेन्शन."

सगळे हसले. लहूही हसला. परतताना फ्रीवेवर त्याने रेडिओ बंद केला. उपासनाने विचारलं तर म्हणाला, डोकं दुखतंय.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा सूर बदलला. तो दीक्षाला सांगू लागला की शिष्यवृत्तीचा नाद सोड, खेळ कमी कर, मार्कांवर जे कॉलेज मिळेल ते घे. कोणी बोट दाखवता कामा नये. दीक्षाला कळेना. कालपर्यंत पाहुण्याला आग्रहाने वाढणारा बाप आज असं का बोलतोय? ती हल्ली रागावली की इंग्रजीत शिरायची. "व्हॉट मार्क्स, पप्पा?" ती म्हणाली आणि बॅग उचलून सरावाला निघून गेली.

जानेवारीत शाळेच्या समुपदेशक बाईंनी तिघांना बोलावलं. खेळाडू विद्यार्थ्यांची कागदपत्रं एका केंद्रात तपासली जात, तिथून उत्तर आलं होतं. त्या परक्या भाषेच्या वर्गातली दोन्ही वर्षं मुख्य विषय म्हणून धरता येणार नव्हती. इंग्रजी कमी पडत होतं. ते भरून काढायला दीक्षाला आता एकाच वेळी दोन इंग्रजीचे वर्ग आणि शिवाय उन्हाळी वर्ग करावा लागणार होता. उरलेल्या विषयांची सरासरी काढली तर ती बी नव्हती, सीच्या थोडी वर होती. आणि नियम असा होता की सरासरी जितकी कमी, तितका सॅटचा स्कोअर जास्त हवा. दीक्षाला आठशे सत्तर हवे होते. तिला पहिल्या खेपेला सातशे साठ होते.

समुपदेशक बाई ओशाळल्या होत्या. त्यांनी शाळेतर्फे विनंती पाठवली, त्या वर्गाच्या अभ्यासक्रमाची माहिती जोडली. महिन्याभराने नकार आला. कोच डॉयल दीक्षाला म्हणाली की या आकड्याने दर वर्षी तिची मुलं अडवली आहेत, बहुतेक वेळा काळी मुलं, आणि तिला आता त्याचा वीट आला आहे. पण तिच्या हातात काही नव्हतं.

मायलेकी अभ्यासाला लागल्या. उपासना स्वतः प्रौढांच्या शाळेत इंग्रजी शिकत होती. दोघींनी शब्दांच्या चिठ्ठ्या करून स्वयंपाकघरभर चिकटवल्या, फ्रिजवर, मसाल्याच्या डब्यांवर, सिंकच्या वरच्या खिडकीवर. गणित दीक्षाला जमत होतं. अडत होते ते जोड्यांचे प्रश्न, हा शब्द त्या शब्दाला जसा, तसा कोणता कोणाला. लगाम, नांगर, बटवा, सगळं तिला मराठीत माहीत होतं आणि इंग्रजीत डोळ्यांसमोर काळोख व्हायचा.

लहू या सगळ्यात नव्हता. ऑफिसातून यायचा, चिठ्ठ्या बाजूला सारून चहा करायचा आणि वर जायचा. एकदा उपासना त्याला म्हणाली की दर जयंतीला तुम्ही हॉलमध्ये उभं राहून शिका म्हणता, आणि घरातली पोर शिकतेय तर तिच्याकडे पाठ का? तो कप घेऊन वर गेला.

मार्चातल्या एका रविवारी सकाळी तो गाडी धूत होता. दीक्षा बाहेर आली, दुसरा स्पंज उचलून मागची काच पुसायला लागली. मग तिने विचारलं की मी स्पर्धा जिंकले तर तुम्हाला लाज वाटते का. लहूने नळ बंद केला.

तो बोलायला लागला तो थेट नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजपासून. त्याच्या गावातून तिथे पोचलेला तो पहिला. राखीव जागेवर. प्रवेशाच्या यादीत नावापुढे कंसात लिहिलेलं असायचं, आणि ती यादी कँटीनच्या भिंतीवर लावलेली. चार वर्षं मुलं सरकारचे जावई म्हणून हाक मारायची. तो शेवटच्या वर्षी फर्स्ट क्लासमध्ये आला, तेव्हाही एक जण म्हणाला, तुमचे पेपर वेगळे तपासतात का रे. हे त्याने उपासनालाही पूर्ण सांगितलं नव्हतं.

"शैलेंद्र कोटा म्हणाला ना," लहू म्हणाला, "मला वाटलं, इतक्या लांब आलो, समुद्र ओलांडला, आणि ते माझ्या पोरीच्या मागे इथेही आलं. तुला कोणी असं म्हणू नये, एवढंच होतं माझ्या मनात."

दीक्षाने स्पंज बादलीत टाकला.

"पप्पा, ती मुलं बोलत होती म्हणून तुम्ही कॉलेज सोडलं का?"

"नाही."

"मग मी का सोडू?"

लहूने नळ पुन्हा सुरू केला आणि उरलेली गाडी दोघांनी मिळून धुतली. जेवताना त्याने जोड्यांच्या प्रश्नांचं पुस्तक मागून घेतलं, घड्याळ लावून स्वतः बसला आणि अर्ध्याहून जास्त चुकला. उपासना हसली, मग दीक्षा, मग तोही. कितीतरी दिवसांनी त्या घरात तिघं एकदम हसले होते.

त्यानंतर तो रोज तिच्याबरोबर बसायचा. एप्रिलमध्ये तो पहिल्यांदा स्पर्धेला गेला. कुंपणापाशी कुठे उभं राहावं हे त्याला कळत नव्हतं. दीक्षाने गोळा गळ्याशी नेला, पाठ वळवली, एक पाऊल मागे घसरली आणि अख्ख्या अंगाने उसळली. तिच्या तोंडून असा आवाज निघाला की लहू दचकला. घरात इतकी हळू बोलणारी ही मुलगी. गोळा धप्पकन मातीत रुतला आणि शेजारचे अनोळखी लोक टाळ्या वाजवायला लागले. लहूला टाळ्या वाजवायचं सुचलंच नाही. तो त्या खड्ड्याकडे बघत राहिला.

जूनमध्ये तिने शेवटची परीक्षा दिली. निकाल फोनवर कळायचा. जुलैतल्या एका दुपारी दीक्षाने नंबर फिरवला, रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज ऐकला आणि फोन ठेवला.

"एट फिफ्टी," ती म्हणाली.

वीस कमी. एवढ्या महिन्यांत नव्वद वाढवले होते आणि वीस कमी पडले. उपासनाने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, पण दीक्षा जिन्यावरच्या पायरीवर बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडली. एवढी मोठी मुलगी, पण त्या पायरीवर लहानशी दिसत होती.

नेवाडाच्या कोचचा फोन संध्याकाळी आला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. जागा राखून ठेवता येत नाही, म्हणाला. दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात जा, तिथे खेळ, विषय पूर्ण कर, मग सॅट कोणी विचारणार नाही. लहूने दीक्षाच्या हातातून फोन घेतला. आपल्या सावकाश, नीट इंग्रजीत त्याने विचारलं की माझी मुलगी ती दोन वर्षं रोज शाळेत जात होती, रोज अभ्यास करत होती, मग ती वर्षं गेली कुठे? कोच म्हणाला, सर, मला माहीत नाही.

त्या आठवड्यात शैलेंद्रचा फोन आला. अनीशला हवं ते कॉलेज मिळालं होतं, त्याची पार्टी होती. दीक्षाचं काय झालं, असं त्याने विचारलं. लहू म्हणाला, "वीस मार्कांनी राहिलं. आता कम्युनिटी कॉलेजात जाईल. आणि शैलेंद्र, मी स्वतः राखीव जागेवर इंजिनिअर झालोय. तुला हे माहीत असावं म्हणून सांगतो."

शैलेंद्र गडबडला. मला तसं म्हणायचं नव्हतं रे, असं काहीतरी पुटपुटला. लहू म्हणाला की मला ते माहीत आहे, आणि पार्टीला आम्ही तिघंही येऊ. ते गेले. अनीशने दीक्षाला गोळ्याचं वजन विचारलं, तिने सांगितलं, आणि तो म्हणाला की आपल्याला तो उचलायलाही जमणार नाही.

कॉलेजला नाव नोंदवायला लहू रजा काढून दीक्षाबरोबर गेला. तिथल्या ट्रॅकच्या कोचला त्याने स्वतः सांगितलं की मुलगी बेचाळीस फूट फेकते. फेक कशी मोजतात आणि चांगला आकडा कोणता, हे तो आता लोकांना समजावून सांगू शकत होता. दीक्षा पहिले काही महिने कोणाशी फारशी बोलली नाही. तिच्या बरोबरीच्या मुली मोठ्या कॉलेजांच्या नावांचे स्वेटर घालून सुट्टीत घरी यायच्या तेव्हा ती बाजारात जायचं टाळायची. पण गोळा तिने सोडला नाही, आणि इंग्रजीच्या वर्गात एका सत्रात तिला बी मिळाली. ही बी धरली जाणारी होती.

नेवाडाचा तो कोच दोन वर्षांत दुसरीकडे गेला होता. नव्याने दीक्षाच्या फोनला उत्तर दिलं नाही. पण कॅलिफोर्नियातल्याच, शेतांच्या मधोमध असलेल्या एका सरकारी विद्यापीठाने तिला घेतलं. शिष्यवृत्ती अर्धी. बाकी अर्धी आम्ही बघू, असं उपासना म्हणाली, कारण तिला आता एका बालवाडीत नोकरी होती. दीक्षाला पी.टी.ची शिक्षिका व्हायचं होतं. तिथल्या पुढच्या दोन हंगामांत तिने फार मोठं काही जिंकलं नाही. एकदा ती विभागात तिसरी आली आणि कोच डॉयलने त्या स्पर्धेसाठी लंगडत तिथवर प्रवास केला.

नव्व्याण्णवच्या ऑगस्टमध्ये ते तिला त्या विद्यापीठात सोडायला गेले तेव्हा हवा तव्यासारखी तापली होती. वसतिगृहाची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. लहूने गाडीतून एक लहानशी बॅग उचलली आणि कमरेत वाकला.

"एवढी पुस्तकं घेतलीस?" त्याने विचारलं.

"दोन गोळे आणि एक पुस्तक," दीक्षा म्हणाली. "द्या इकडे, पप्पा, मी नेते."

पण त्याने बॅग दिली नाही. दर जिन्यावर थांबत, दम खात, त्याने ती वरपर्यंत नेली.