काजळीवरची रेघ

दमयंतीने बकऱ्याच्या आतड्याच्या तुकड्याला दोरा बांधला आणि तो कोमट मिठाच्या पाण्यात अलगद सोडला. पाण्याची काचनळी तांब्याच्या टोपात उभी होती. टोपातही गरम पाणी, आणि टोपाखाली स्पिरिटचा दिवा. दोऱ्याचे वरचे टोक तिने गवताच्या हलक्या काडीला अडकवले. काडीचा शेंडा काजळी धरलेल्या कागदावर टेकला, जुन्या घड्याळाच्या यंत्रावर कागद सावकाश फिरू लागला आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटली. वर, खाली. पुन्हा वर.

"हलतंय गो," मथुराकाकी म्हणाली.

"हलणारच. ऊब आणि हवा मिळाली की बराच वेळ हलतं."

"बकरा सकाळीच गेला, आणि ह्याला कळलंच नाय."

दमयंतीने रबरी फुगा दाबला. नळीत बुडबुडे चढले. घरात आतडी नकोत म्हणून तिने हे सारे समुद्राकाठी भाट्याच्या माडांत, नारळ ठेवायच्या मांगरात मांडले होते. दमयंती मुंबईहून सुट्टीवर आल्यापासून काकी तिला चिडवत होती, एवढे शिकून शेवटी आतडीच धुतेस होय म्हणून. पण वनस्पतींच्या अर्काने आतड्याची हालचाल कशी बदलते ते दमयंती तपासते, हे कळल्यावर काकीचे चिडवणे थांबले. आज ती आपणहून आली होती. हातात सहाण होती आणि तपकिरीच्या डबीत बाळगुटीतल्या मुरुडशेंगा.

"त्याच आहेत," ती म्हणाली. "तेव्हाच्या."

दमयंतीला विचारावे लागले नाही. बाळा गेला तेव्हा ती शाळकरी होती आणि त्याच खोलीत झोपली होती. काकीचे ते एकुलते एक, रांगायलाही न लागलेले. पोटात कळ येऊन तिन्हीसांजेपासून रडत होते. काकीने मुरुडशेंग उगाळून चाटवली. रडणे हळूहळू बसले आणि दमलेले सारे घर निजले. सकाळी बाळा उठला नाही. हरिश्चंद्रकाका तेव्हा बोटीवर होता. काही महिन्यांनी घरी आला, तेव्हा त्याने बायकोला बोल लावला नाही. एवढेच विचारले, की तुला जाग कशी आली नाही?

काकीने शेंग सहाणेवर ठेवली. पिळदार शेंग दगडावर फिरू लागली. तो आवाज दमयंतीला अजून ओळखू येत होता.

"मला एकच सांग," काकी उगाळता उगाळता म्हणाली. "शेंगेनं कळ थांबते ना? तो बरं वाटून गप झाला, की..."

दमयंतीने उगाळलेले गाळून नळीत सोडले. काडी वर गेली, खाली आली. दोघी बघत राहिल्या. तिने आणखी थोडे सोडले. रेघ तशीच चालली, जराही न वाकता.

"थांबत नाय," काकी हळूच म्हणाली.

शेंग इतकी जुनी, तिच्यात काय उरले असेल? आणि एका तुकड्यावरून काही ठरत नाही. दमयंतीला हे ठाऊक होते, आणि ते तिने तिथेच बोलायला हवे होते. पण काकीचा चेहरा त्या काडीबरोबर वरखाली होत होता.

"वेळ लागतो," ती म्हणाली आणि दिवा सारखा करायच्या निमित्ताने वाकली. झाकण घालून दिवा विझवला. मग टोपातले पाणी आटले म्हणत कोपऱ्यातला माठ उचलला आणि गार पाणी टोपात ओतत राहिली.

रेघेचे उंचवटे बुटके झाले. मधली अंतरे वाढली. मग काडी एकदा कशीबशी उचलली गेली आणि टेकली. कागद फिरत राहिला. रेघ सरळ गेली.

"थांबलं बघ," दमयंती म्हणाली. "कळ गेली, काकी. शेंगेनंच गेली."

काकी त्या सरळ रेघेकडे बघत होती. मग तिने पदराला हात पुसला आणि आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा टोपाच्या अंगाला लावला. हात तिथेच राहिला.

"गार झालंय," ती म्हणाली.

दमयंतीने मान खाली घातली.

"असंच होतं. सकाळी हात लावला तेव्हा."

बाहेर माडांची सावली वाळूवर लांब गेली होती. काकीच्या आवाजात राग नव्हता, म्हणून दमयंतीला तो जास्त लागला. ती काहीतरी सांगू लागली, शेंग जुनी आहे, ताजी आणून पुन्हा बघू. काकीने तिच्याकडे पाहिलेही नाही.

"दिवा लाव, बाय."

दमयंतीने ओढलेली पहिली आगकाडी विझली. दुसरी पेटली. टोप हळूहळू तापला. सरळ रेघेला आधी एक बारीक शहारा आला, मग छोटा उंचवटा, मग त्याहून मोठा.

काकी स्टूल ओढून नळीशी बसली.

"तो फुगा मला दे. कसा दाबतेस ते दाखव."

दमयंतीने दाखवले. सावकाश, मध्ये श्वासभर थांबून. काकीने एकदा दाबून पाहिला. बुडबुडे चढले.

"तू जा जेव," ती म्हणाली. "हे आपणहून थांबेल तेव्हा थांबेल. मी आहे जागी."