परक्या घराचं भाडं

“आजून आवया, वहिनी.”

“किती आवळू? श्वास कसा घेशील, अक्का?”

“श्वास गोरखपूरले लिसू.”

तोतारामभाऊंची बायको हसली आणि तिने भिकुबाईच्या कमरकशाला आणखी एक गाठ मारली. कमरकशात नोटांच्या गड्ड्या होत्या. काठमांडूच्या इमारतीचं महिन्याचं भाडं, एकरकमी. दर मे महिन्यात तोतारामभाऊ जळगाव-धुळ्याची कुटुंबं तुकड्या-तुकड्यांनी नेपाळ बघायला न्यायचे. हॉटेल परवडत नसे, म्हणून चूल मांडता येईल असे फ्लॅट महिनाभर घ्यायचे. तिकडे आपला रुपयाही चाले, आणि घरमालकाला रोखच लागे. भाऊ प्रवाशांना घेऊन मागून येत. भिकुबाई भांडीकुंडी लावायला पुढे निघे. धुळ्याकडची विधवा स्वयंपाकीण, विटकं लुगडं, पुढचे दात पडलेले. हिच्या कमरेला एवढं धन असेल, असं चोराच्या बापालाही वाटलं नसतं.

“यंदा घर नवीन आहे,” भाऊ म्हणाले. “पैसे मालकाच्याच हातात द्यायचे, अक्का.”

“इतला सालमा एक रुपया इकडना तिकडे व्हयना का, भाऊ?”

“नाही झाला. म्हणून तर तुझी कंबर लागते.”

गाडीत सगळे पेंगत, तेव्हा भिकुबाई खिडकीशी बसून स्वतःशीच गुणगुणे :

*धन शे परकं, कंबर मन्ही राखस,*
*डोया लागेना बाई, वाट डोंगरनी देखस.*

काठमांडूला पोचली तेव्हा श्रेष्ठ नावाचे घरमालक दुकानावर गेले होते. उंबऱ्यावर उन्हात त्यांची म्हातारी आई बसली होती. भिकुबाईच्या मनात दुसरा विचारच आला नाही. तिच्या गावी घरात येणारा पैसा आधी थोरल्या बाईच्या ओटीत पडतो. लेक मग आईकडून घेतो. आई जिती, तोवर घर आईचं. मालक म्हणजे आणखी कोण? तिने आडोशाला जाऊन कमरकसा सोडला, गड्ड्या म्हातारीच्या ओटीत ठेवल्या आणि पाया पडली. म्हातारी क्षणभर दचकली. मग तिने भिकुबाईच्या कपाळाला तांबडा टिळा लावला.

दुपारी मागच्या दारी एक तरुण बाई आली. कडेवर पोर, हनुवटी थेट म्हातारीची.

“छोरी,” म्हातारी हलकेच म्हणाली. “भाई आने नहीं देता.”

म्हणजे लेक. भिकुबाईने पोराच्या हातावर गरम पुरी ठेवली. बाई निघाली तेव्हा तिच्या शालीखाली एक जड गाठोडं होतं. माहेरचे तांदूळ असतील, भिकुबाईला वाटलं. कोणत्या आईला देववत नाहीत?

संध्याकाळी तोतारामभाऊ आले तेव्हा जिना माणसांनी आणि वळकट्यांनी भरून गेला. “अक्का, चहा!” “अक्का, पोरं भुकेली!” अशी हाकाटी चालू असतानाच श्रेष्ठ वर आले.

“तोतारामजी, भाड़ा तो मिला नहीं.”

भाऊंनी भिकुबाईकडे बघितलं.

“दिधं ना, भाऊ! याच हाते दिधं. त्यासनी मायना ओटीमा.”

“आईच्या? मी मालकाला म्हटलं होतं, अक्का!”

“माय शे ना घरनी!”

श्रेष्ठांनी आईला बोलावलं, त्यांच्या बोलीत विचारलं. म्हातारीने मुलाकडे पाहिलं नाही. भिकुबाईकडे पाहिलं, आणि मान हलवली. नाही.

शालीखालचं गाठोडं भिकुबाईच्या डोळ्यांपुढे आलं. तिला सगळं कळलं. एक शब्द पुरे होता : छोरी. श्रेष्ठ बहिणीच्या दारात जाऊन उभे राहिले असते आणि पैसे परत आले असते. भिकुबाईचं नाव धुतल्या तांदळासारखं राहिलं असतं. तिने तोंड उघडलं. म्हातारीची बोटं पदराचं टोक पिळत होती.

“मी दिधं,” भिकुबाई म्हणाली. “त्यान्हा पुढे माले काही ठाऊक नही.”

“म्हातारी खोटं बोलते म्हणतेस?”

“मी तिले काही म्हनत नही, भाऊ. मन्हा पगारमातून कापी ल्या.”

“किती जन्म कापू?”

जिन्यावर कोणीतरी खुसखुसलं. भाऊ खोलीत गेले. परतीच्या प्रवासासाठी आणि पुढच्या तुकडीच्या जेवणासाठी राखलेल्या पैशांतून त्यांनी भाडं पुन्हा मोजून दिलं. या वेळी श्रेष्ठांच्या हातात.

जेवणं उरकल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात आले.

“तुझ्यावर माझा भरवसा आहे, अक्का.”

“हाव, भाऊ.”

“पण पुढल्या सालापासून पैसे मीच आणीन.”

“हाव.”

तिने काही म्हणावं म्हणून ते थोडे थांबले. ती कढई घासत राहिली.

सकाळी भिकुबाईने चूल पेटवली, तेव्हा म्हातारी आत आली. खाली बसली, बटाट्यांची टोपली पुढ्यात ओढली आणि सोलू लागली. भिकुबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. सालं पडत राहिली. बाहेर पोरं पशुपतिनाथाला जायची घाई करत होती.

बटाटे संपले, तरी म्हातारी उठेना. तिने लसणाचे गड्डे जवळ घेतले.

फरशी गार होती. भिकुबाईने वर न बघता एक गोणपाट दुमडून तिच्याकडे सरकवलं, आणि तापल्या तेलात मोहरी टाकली.