कावे सुपर

ईदेला गावी जायचं म्हटलं की सुगेंगच्या घरात महिनाभर आधीच लगीनघाई सुरू होई. साऱ्या घराला एकाच कापडाचे बाटिक कपडे शिवून झाले होते. गाडीला नवी चकाकती चाकं बसली होती, सीटांना कव्हरं आली होती आणि मागच्या काचेवर सोनेरी अक्षरांत घराण्याचं नाव झळकत होतं. सेमारांग शहरातल्या कचेरीतला हा साधा कारकून सासुरवाडीच्या डोंगराळ गावात मोठा साहेब म्हणून मिरवणार होता. फक्त ब्रेक दाबला की पुढून करकर आवाज येई.

"ब्रेकचे पॅड संपलेत," बायको एंदांग म्हणाली. "आधी ते बदला."

"बदलतो गं! पण पॅड काय कुणी वाकून बघणार आहे?"

वाचकहो, हे वाक्य नीट ऐका. आपल्यातल्या निम्म्या शहाण्यांची सगळी अक्कल या एका वाक्यात मावते!

नकली मालाला आमच्याकडे 'कावे' म्हणतात. शब्दच बोलका आहे. आणि निर्लज्जपणा असा, की त्या नकलीतही प्रती लावलेल्या: कावे दोन, कावे एक आणि सगळ्यांच्या डोक्यावर कावे सुपर! सुगेंगनं दुकानात मोठ्या ऐटीत 'सुपर' पॅड निवडले आणि गावाहून लेकीकडे राहायला आलेल्या, बाजारहाटाला सोबत निघालेल्या सासूबाईंना गाडीत बसवून तो नेहमीच्या पार्जोनोच्या गॅरेजात गेला.

पार्जोनोचे केस याच धंद्यात पिकलेले. त्यानं खोकं उघडलं, पॅडवर नख ओढलं. बोटाला भुकटी लागली.

"साहेब, हे काय उचलून आणलंत?"

"कावे सुपर आहे! साधा नाही."

"म्हणजे उत्तम प्रतीचं खोटं."

"अहो, दिसायला हुबेहूब आहे. खोकंसुद्धा!"

"ब्रेक दिसायला नसतो साहेब, लागायला असतो. डोंगराच्या उतारावर हे तापलं, की गावकऱ्यांना खोकं दाखवाल काय?"

"कळतंय मला. तुम्हाला तुमचा महागडा माल खपवायचाय."

पार्जोनो रागावला नाही. "बरं, हेच बसवतो. पण बसवल्यावर इथल्या गोंबेलच्या उतारावरून एक फेरी मारून दाखवा. आत्ता, सासूबाईंना घेऊन."

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "बसवा हो! जावईबापूंनी आणलंय, म्हणजे चांगलंच असणार. येऊ की जाऊन."

सुगेंगच्या तोंडचं पाणी पळालं. "नको... आई, तुम्ही उतरा. मी एकटाच जाऊन येतो."

"का बरं?" पार्जोनो म्हणाला. "परवा सात माणसं घेऊन घाट उतरणारच आहात ना? तेव्हा ह्यांना आणि पोरांना माथ्यावरच सोडून येणार की काय?"

अरेरे! म्हणजे या गृहस्थाला ठाऊक होतं! माल खोटा आहे हे त्याला दुकानातच ठाऊक होतं. तरीही गावच्या चार रिकामटेकड्यांची 'वाहवा' त्याला सात जिवांपेक्षा मोठी वाटली. वरून कीर्तन, आतून तमाशा, दुसरं काय! धाकटी लेक पुढच्या सीटवर एंदांगच्या मांडीवर बसते हे सुगेंगला आठवलं आणि त्यानं ते खोकं मिटून बाजूला सारलं.

"खरे पॅड बसवा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हवं तर त्यांच्या बदल्यात ही चाकं काढून घ्या."

"चाकं राहू द्या," पार्जोनो हसला. "ती निदान फिरतात तरी."

ईदेच्या सकाळी गावच्या घरी सुगेंग थोरांची क्षमा मागायच्या रीतीप्रमाणे सासूबाईंपुढे गुडघे टेकून बसला. 'बाहेरून आणि आतून, मनापासून क्षमा करा,' हे दर ईदेचं वाक्य तो इतकी वर्षं पोपटासारखं म्हणत आला होता. या खेपेला 'आतून' हा शब्द त्यानं दोनदा म्हटला.

सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सगळ्यांना सुखरूप पोहोचवलंत ना? मग झालं तर."

मंडळी, बाहेरची चकाकी शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी असते, आतला खरेपणा घरच्यांसाठी. कुणाला खोटं मिरवायचीच हौस असेल, तर त्यानं ते खुशाल अंगाखांद्यावर मिरवावं. पण आपल्या माणसांचा जीव ज्यावर टांगलेला आहे, तिथे खोटं घालणारा माणूस स्वतःच कावे असतो, आणि तोही सुपर!